किती तपासले ते कळलं. परत किती आले?

आमच्या गावातल्या एका सेवाभावी क्लबला पन्नास वर्षं झाली. परवा लॉन्सवर वर्धापनदिनाचा कार्यक्रम आणि स्नेहभोजन होतं. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुक्यात असे क्लब दोनच आहेत आणि पुढे लिहितोय ते दोघांनाही लागू पडतं.

पत्रिकेवर सातची वेळ होती, घंटा वाजली सव्वाआठला. असे कार्यक्रम ज्यांनी पाहिलेत त्यांना क्रम पाठ असेल. राष्ट्रगीत, गळ्यातली कॉलर, प्रास्ताविक, प्रांतपालांचा परिचय, मग माजी अध्यक्षांचे सत्कार. पन्नास वर्षांचे माजी अध्यक्ष म्हणजे विचार करा. शाली संपल्या की काय अशी मध्येच कुजबुज झाली. तिकडे आचारी तिसऱ्यांदा मसालेभाताचं झाकण उचलून बघत होता.

टिंगल करायला लिहीत नाहीये. गावात कुणाच्या घरी मयत झाली आणि पोरं पुण्याहून यायची असली की शीतशवपेटी या क्लबचीच लागते. वैकुंठरथ त्यांचाच. आणि दर हिवाळ्यातलं मोतीबिंदूचं शिबिर. आपल्या ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचा सर्जन नाही. म्हातारीला दिसेनासं झालं की जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं, नाहीतर खासगीत पैसे मोजायचे, नाहीतर तसंच चाचपडत बसायचं. आमच्याकडे बहुतेक जण तिसरा मार्ग धरतात. म्हणून हे शिबिर महत्त्वाचं.

पहिले वक्ते नेतृत्वावर बोलले. गरुड आला, वादळ आलं, उंच भरारी आली. पाऊण तास. एवढं पुरे.

दुसरे वक्ते निवृत्त नेत्रसर्जन. आयुष्य सरकारी दवाखान्यात गेलेलं, साधा शर्ट, हातात कागद नाही. त्यांनी सुरुवात केली ती जुन्या शिबिरांपासून. शाळेच्या वर्गात बाकं जोडून ऑपरेशनं व्हायची, नंतर रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा मिळायचा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्रही होता. हळूहळू डोळ्यात भिंग बसवणं सर्रास झालं. उघड्यावरच्या शिबिरांत जंतुसंसर्गाचा धोका, म्हणून आता गावात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशन दवाखान्याच्या थिएटरमध्ये. आपल्याकडेही तसंच चालतं. दुपारी गाडी रुग्ण घेऊन जाते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळे चष्मे लावलेली मंडळी परत येतात, बसजवळ फोटो निघतो.

डॉक्टर म्हणाले, हा फोटो म्हणजे काम अर्धं झाल्याचा पुरावा. पुढे महिनाभर, कधी जास्त, थेंब घालायचे असतात. डोळा लाल झाला, दुखायला लागला, दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. महिना-दीड महिन्यानं नंबर तपासून चष्मा द्यायचा असतो. काहींच्या भिंगामागच्या पडद्यावर पुढे धूसरपणा येतो, तो लेझरने काही मिनिटांत जातो, पण आधी कुणीतरी बघायला तर पाहिजे. नाहीतर म्हातारी म्हणणार, ऑपरेशन केलं आणि डोळा गेला. मग त्या वस्तीवरून पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

त्यानंतर ते पोलिओवर गेले. रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचं काम अंगावर घेतलं हे बहुतेकांना माहीत आहे. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. यावर सभागृहात टाळ्या पडल्या. डॉक्टर थांबले, मग म्हणाले, हे कशानं झालं आठवतंय का? अंगणवाडी सेविका आणि नर्स घरोघर जायच्या, बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावायच्या आणि दारावर खडूने खूण करायच्या. सगळ्या बाळांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादं बाळ राहिलं तर ‘एक्स’. आणि पुढचे दिवस त्या एक्सच्या दारांवर परत जायच्या. पोलिओ गेला तो एक्सच्या दारांवर परत जाऊन. मग अध्यक्षांकडे वळून शांतपणे विचारलं, “गेल्या शिबिरातल्या ऑपरेशन झालेल्यांपैकी महिन्याने परत किती आले?”

अध्यक्षांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरींनी स्मरणिका उघडली. स्मरणिकेत तपासणी किती, ऑपरेशन किती, सगळं रंगीत छापलेलं होतं. हा आकडा नव्हता. आम्हा पत्रकारांना येणाऱ्या प्रेसनोटमध्येही तो कधी नसतो, कुठल्याच संस्थेच्या.

तेव्हा मागच्या रांगेतून आमचे मेडिकलवाले काका उठले. हे कधी अध्यक्ष झाले नाहीत, त्यामुळे शालही नव्हती. म्हणाले, “निम्म्याहून थोडे जास्त आले साहेब. जे आले नाहीत त्यांची नावं आहेत माझ्याकडे.” काका दुकानात एक वही ठेवतात. नाव, गाव, कोणता डोळा, घरात फोन कुणाचा, परत आला का. कुणी सांगितलं नव्हतं, आपले लिहितात.

मग काका जे बोलले ते मला त्या रात्रीचं खरं भाषण वाटलं. शिबिर घेतो दिवाळीनंतर. थंडीत ऑपरेशन बरं, ही जुनी समजूत, शिवाय देणगीदारांनाही सोयीचं. पण आपल्या भागात दिवाळीच्या आसपासच कोयते बाहेर पडतात. पोरगा-सून ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. घरी उरतात म्हातारा, म्हातारी आणि नातवंडं. शिबिराला क्लबची गाडी वस्तीवर येते म्हणून ती येतात. महिन्यानं परत यायला गाडी नसते. एक आजी काकांना फोनवर म्हणाली होती, “पोरगं कोयत्यावर हाय, मला कोन आणंल? आन् बारक्याला कुणापाशी ठिवू?” वहीत न आलेल्यांत बाया जास्त आहेत, हेही काकांनी सांगितलं. दोघांना मोतीबिंदू असला तर आधी म्हातारा येतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

काकांचं मागणं छोटं होतं. फेरतपासणी दवाखान्यात न ठेवता त्या-त्या मोठ्या गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. बाजाराला म्हातारी माणसं कशीही येतातच. डोळे तपासणारा एक माणूस, थेंबांच्या बाटल्या, चष्म्याची पेटी आणि एक गाडी. “परवाच्या मांडवाच्या खर्चात वर्षभर निघंल,” असं ते बसता बसता म्हणाले. माइक चालू होता.

यावर लगेच ठराव वगैरे झाला नाही. सूत्रसंचालकांनी वेळेचं भान करून दिलं, आभार झाले, जेवणं झाली. मठ्ठा उत्तम होता. पण जेवताना दोन तरुण सदस्य ताट घेऊन काकांशेजारी बसलेले मी पाहिले. एकाची स्वतःची गाडी आहे, दुसऱ्याच्या चुलत्यांचं चष्म्याचं दुकान. काल दोघंही दुकानात जाऊन वहीचे फोटो काढून आले. पुढच्या बाजारापासून सुरुवात करतोय म्हणाले, क्लबचा ठराव होवो न होवो. अध्यक्षांनाही मी फोन केला. ते म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो. घेतला की इथंच लिहीन, नाही घेतला तरी लिहीन.

तोवर एक काम आपल्याकडे. तुमच्या घरी, गल्लीत, शेतावर कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात झालं असेल आणि नंतर तपासणी झाली नसेल, तर दवाखान्याचं कार्ड घेऊन त्यांना मेडिकलवाल्या काकांकडे पाठवा. कार्ड हरवलं असलं तरी चालेल, काकांच्या वहीत नाव असेल. डोळा लाल असेल किंवा दुखत असेल तर बाजाराची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि ज्यांची पोरं कारखान्यावर आहेत त्यांनी ही पोस्ट तिकडच्या ग्रुपवर टाका, म्हणजे ती घरी फोन करून विचारतील.