गवत कापायचं राहून गेलं

देवदिवाळी झाली की बाबांची नजर बागेच्या खालच्या अंगाकडे वळायची. तोवर भात घरात आलेलं असे, गवताच्या उडव्या रचून झालेल्या असत आणि पावसाळाभर कमरेएवढं माजलेलं रान पिवळं पडायला लागलेलं असे. मुंबईहून आलेले पाहुणे त्या सोनेरी गवतात उभे राहून फोटो काढत. बाबांना मात्र त्यात वणवा दिसायचा.

आमची बाग देवगड तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. खाली रस्ता, मग आमची हापूसची कलमं आणि मांगर, त्याच्या वर काकींचे काजू आणि सगळ्यात वर उघडा सडा. काकी म्हणजे सख्ख्या नव्हेत, वाडीतल्याच. बागेला चिऱ्यांचा गडगा आहे, पण बाबांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. म्हणायचे, "गडगो गुरांसाठी, वणव्यासाठी न्हय." गडग्याच्या फटीत पातेरा साठतो, तो पेटला की जळकं पान वाऱ्याबरोबर सहज पलीकडे जाऊन पडतं.

म्हणून गडग्याच्या बाहेरून दहा-बारा हातांचा पट्टा ते दरवर्षी काढायचे. आधी विळ्याने गवत कापायचं, दोन-चार दिवस सुकू द्यायचं आणि मग पहाटे, दंव असताना, ते जाळून टाकायचं. पहाटेच का, तर तेव्हा वारा पडलेला असतो, असला तर मतलई, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. दुपारी खारा वारा सुटला की तीच आग चढाने धावत सुटते, मग माणसाचे पाय तिला पुरत नाहीत. जाळताना दर दहा पावलांवर एक माणूस ओला टाळा घेऊन उभा. आग झोडपायची नाही, दाबायची. झोडपली की ठिणग्या उडतात. आम्ही पोरं पाण्याच्या कळश्या घेऊन मागे. मला तो एक खेळच वाटायचा.

बाबा गेले आणि सातबाऱ्यावर अकरा नावं आली. आम्ही भावंडं, दोन काका, आत्या, आत्यांची मुलं. कोणी डोंबिवलीला, कोणी बडोद्याला. मीही डोंबिवलीलाच. बेणणीची मजुरी कोणी द्यायची यावर फोनवर बोलणं झालं. ज्याला आंबे हवेत त्याने द्यावी, असं एकाचं म्हणणं. आंबे तर सगळ्यांनाच हवे होते. "बघू," असं मी म्हणालो. पहिल्या वर्षी काही झालं नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षी बघायचंही राहिलं.

मार्च महिन्यात एका दुपारी काकींच्या मुलाचा फोन आला. रस्त्याच्या कडेला आग लागली होती. विडीने, की कोणी कचरा पेटवला त्याने, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रात्रीच्या गाडीने कणकवलीला उतरलो आणि सकाळी बागेत पोचलो.

कलमं उभी होती, म्हणून आधी बरं वाटलं. मग जवळ गेलो. वणव्याकडच्या बाजूची साल करपून फुटली होती, पानं विटकरी झाली होती आणि कैऱ्यांचा खाली सडा पडला होता. ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटलेल्या. मांगराचे वासे गेले होते, कौलांचा ढीग तेवढा उरला होता. पण खरं नुकसान वर झालं होतं. काकींनी स्वतःची बाग वेळेवर बेणून घेतली होती. आमच्या दोन वर्षांच्या गवताने एवढी ज्वाळा धरली की ती त्यांच्या स्वच्छ बागेवरून काजूंच्या शेंड्यांना लागली. काजूला तेल असतं, तो पेटायला वेळ लागत नाही. तीस झाडं, बी धरलेली.

काकी एका काळ्या बुंध्याशी बसल्या होत्या. त्या भांडतील म्हणून मी तयारीने गेलो होतो, पण त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझो बापूस असतो तर ह्यां झाला नसता."

मी म्हणालो, "काकी, जमीन सामायिक आहे, एकट्याने…"

"वणवो सातबारो बघून येणा नाय, झिला."

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं आणून काकींच्या बागेत लावून दिली. ती भरपाई नव्हे, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी धरायला लागतं, घर चालवण्याइतकं यायला आणखी वर्षं जातात. काकींचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं.

तेव्हापासून डिसेंबरची रजा मी बागेसाठी ठेवतो. विळ्याच्या जागी आता ग्रास कटर आला आहे, बाकी पद्धत बाबांचीच. कटरचं पातं कातळावर आपटलं की ठिणगी उडते, म्हणून कटरचं काम सकाळी दंव असतानाच उरकायचं. कलमांच्या बुंध्यापासून पातेरा दूर ओढायचा. आळ्यात गवताचं आच्छादन घातलं तर ओल टिकते हे खरं, पण त्याच्यावर मातीचा थर हवाच, नाहीतर आपण झाडाखाली सरण रचल्यासारखं होतं. विजेच्या तारांखालचं गवत आधी काढायचं. घराची पन्हळ झाडायची, लाकडं आणि उडवी भिंतीपासून लांब. दोनशे लिटरची दोन पिंपं भरून ठेवायची, कारण आग लागते तेव्हा वीज हमखास जाते आणि मोटर विहिरीत नुसती बसून राहते.

मागच्या मार्चमध्ये वणवा पुन्हा आला, रस्त्याकडूनच. पट्ट्यापाशी येऊन तो बुटका झाला. वाडीतल्या सात-आठ जणांनी टाळ्यांनी दाबून तासाभरात विझवला. तरी चार कलमांचा मोहोर आचेने करपला. पट्टा काढला म्हणजे वणवा येत नाही असं नाही, तो माणसाच्या हाताला लागेल एवढा होतो, इतकंच. सगळं आटोपल्यावर काकींनी वरून हाक मारली, "चाय पिवन जा रे." मी गेलो.

आता आमच्या दक्षिणेच्या जमिनीत गवत छातीला लागतंय. तिचे मालक चौघे, चौघेही ठाण्याला. यंदा देवदिवाळीच्या आधीच मी त्यांच्यातल्या थोरल्याला फोन केला, मजूर मी बघतो म्हणालो, पैसेही नंतर द्या म्हणालो.

ते म्हणाले, "बघू."

फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हद्दीतलं पहिलं दहा हात गवत मीच कापायला घेतलं.