बसवनगुडीत नव्या चाकांचे पहिले शंभर किलोमीटर

बेंगळुरूला आलात की लालबाग, विधानसौध आणि एखादा मॉल एवढंच पाहून परत जाऊ नका. एक सकाळ बसवनगुडीसाठी राखून ठेवा आणि जमलं तर सायकलवरून फिरा. मी हा भाग जुन्या सायकलला बसवलेल्या नव्या चाकांवरून पाहिला. म्हणून इथे तुम्हाला बसवनगुडीची सफर तर मिळेलच, शिवाय हाताने बांधलेल्या नव्या चाकांकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही कळेल.

सायकल बाबांची. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या लगेजच्या डब्यातून ती आली, तेव्हा दोन्ही रिमा गंजलेल्या होत्या. गांधी बाजारजवळच्या एका गल्लीत सायकल दुरुस्त करणारे वयस्कर अण्णा भेटले. त्यांनी जुने हब ठेवले, रिमा आणि स्पोक नवे घेतले. पुढच्या चाकाला 32 स्पोक, मागच्याला 40. एकेक स्पोक ओवत, निपल आवळत त्यांनी दोन्ही चाकं बांधली. पैसे घेताना म्हणाले, “पंधरा दिवसांनी परत या अम्मा. काम अजून संपलेलं नाही.”

मी मान डोलावली. मनात मात्र आलं, आणखी पैसे काढायची ही युक्ती दिसते.

पहिल्याच सकाळी टिंग-टिंग

सकाळी लवकर निघालात तर गांधी बाजारात फुलांचे ढीग लागलेले दिसतील. मोगरा, शेवंती, केळीची पानं आणि शेजारच्या हॉटेलांतून येणारा फिल्टर कॉफीचा वास. 1898 च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या जुन्या शहराबाहेर मोकळ्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांत मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन ठळक. झाडांच्या सावलीतले इथले रस्ते पाहिले की तो मोकळेपणा आजही जाणवतो.

मी बुल टेंपल रोडकडे वळले आणि चाकांतून आवाज आला. टिंग! थोड्या वेळाने पुन्हा टिंग, टिंग! स्पोक तुटला, असंच वाटलं. उतरून पाहिलं तर सगळे जागच्या जागी. तरी धीर झाला नाही. सायकल हातात धरून मी थेट अण्णांकडे गेले आणि जरा चढ्या आवाजातच म्हटलं, “अण्णा, कालच पैसे दिलेत!”

त्यांनी चाक फिरवलं, स्पोक दोन-दोन करून मुठीत दाबले आणि म्हणाले, “तुटत नाहीय अम्मा, पीळ सुटतोय.”

निपल आवळताना बारीक स्पोकला थोडा पीळ बसतो. चाक रस्त्यावर फिरू लागलं की जमिनीकडे आलेल्या स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो आणि अडकलेला पीळ सुटतो. तोच हा आवाज. चांगला कारागीर बांधतानाच स्पोक दाबून बराचसा पीळ काढतो. उरलेला पहिल्या काही किलोमीटरमध्ये निघतो. मला ओशाळल्यासारखं झालं.

नंदी, खडक आणि गोखले

मग मी पुन्हा चढ चढून दोड्ड बसवन गुडीला गेले. दोड्ड म्हणजे मोठा, बसव म्हणजे नंदी, गुडी म्हणजे देऊळ. भागाचं नाव इथूनच आलं. एकाच दगडात कोरलेला हा प्रचंड नंदी पाहून मान आपोआप वर होते. कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे कडलेकाई परिशे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. त्या दिवसांत आलात तर पिशवी सोबत आणा.

जवळच बगल रॉकचा उघडा खडक आहे. तो सुमारे 300 कोटी वर्षांचा! याच बुल टेंपल रोडवर मराठी माणसाने थांबावं अशी आणखी एक जागा आहे: गोखले सार्वजनिक विचार संस्था. कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी 1945 मध्ये ती सुरू केली आणि नाव दिलं आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. पाटी वाचताना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुसरी फेरी चुकवू नका

पंधरा दिवसांत माझे साधारण शंभर किलोमीटर झाले. आवाज कधीच थांबला होता, पण मागचं चाक किंचित डुलत होतं. अण्णांनी दहा मिनिटांत आउट काढला आणि एक रुपयाही घेतला नाही. म्हणाले, “बरेच लोक परत येतच नाहीत. मग चाक बिघडलं की म्हणतात, हातकाम कच्चं.” मी गप्प बसले. मीही त्यातलीच होणार होते.

तुम्हीही नवी चाकं बांधून घेतलीत तर एवढं लक्षात ठेवा:

– सुरुवातीचा टिंग-टिंग आवाज साधा आहे. तो काही किलोमीटरनंतरही येत राहिला तर मात्र दाखवा.

– पंधरा दिवसांनी किंवा पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाक तपासून घ्या.

– मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या स्पोकचा सूर वेगळा लागू शकतो. फ्रीव्हीलच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. पण एकाच बाजूचा एखादा स्पोक ढिला लागला तर सायकल चालवू नका.

– स्पोकचा पाना स्वतः फिरवू नका. एक निपल आवळलं की शेजारच्यांचाही ताण बदलतो.

– स्टीलच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेक उशिरा लागतो. बेंगळुरूच्या संध्याकाळच्या पावसात वेग आधीच कमी करा.

शेवटी 1943 पासून चालत आलेल्या विद्यार्थी भवनमध्ये डोसा खा. रांग असेल, पण थांबा. मी तिथूनच बाबांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आउट काढून घेतलास ना?” मी म्हटलं, “हो बाबा, दुसऱ्यांदा जाऊन आले.” तेव्हा कुठे त्यांनी डोश्याची चौकशी केली.