सावली टाळता येते

रमजानचा दुसरा आठवडा होता. तरावीहहून घरी आलो तर भाची दारातल्या पायरीवर बसलेली. तिच्या अम्मीचं घर मागच्याच गल्लीत आहे, त्यामुळे ती कधीही येते, पण रात्री साडेदहाला सहसा येत नाही. मी चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "मामू, मंगलको रोजा रखूं क्या नको?"

ती पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत मैदानी परीक्षेला 50 गुण असतात. मुलींना 800 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. म्हणजे मैदानाचा बराचसा निकाल त्या 800 मीटरमध्येच लागतो. ती ज्या अकादमीत जाते तिथं त्या मंगळवारी निवड चाचणी होती, दुपारी चार वाजता. पहिल्या वीस मुलींची पुढची फी माफ होणार होती. माझे मेव्हणे टेम्पो चालवतात. फी माफ झाली नाही तर अकादमी सुटणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रवासात असलेल्याला आणि आजाऱ्याला रोजा पुढं ढकलायची मुभा कुरआननं स्पष्ट दिली आहे. पण अकादमी आमच्या गावापासून चाळीस किलोमीटरवर. आमच्या हनफी हिशेबानं मुसाफिर ठरायला पाऊणशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. आजारी ती नव्हती. सवलतीचे दोन्ही दरवाजे तिनं माझ्याकडे यायच्या आधीच तपासले होते. "तुम्ही सायन्सचे सर आहात, तुम्ही सांगा," असं ती म्हणाली आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं.

1999 चा डिसेंबर. तेव्हाही रमजान होता. माझी धाकटी बहीण, म्हणजे हिचीच अम्मी, नववीत होती आणि शाळेत सगळ्यांच्या पुढं पळायची. तालुक्याच्या पलीकडं स्पर्धेला जायचं होतं, शर्यत भर दुपारी होती. घरात चर्चा झाली. रोजात पोरगी मैदानावर चक्कर येऊन पडली तर? रोजा सोडला तर लोक काय म्हणतील? दोन वाक्यांत निकाल लागला, नाव काढून घ्यायचं. पुढच्या वर्षी कुणी तिचं नाव घातलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिचं धावणं तिथं संपलं.

मी त्याच खोलीत होतो. बीएस्सीला होतो, केमिस्ट्री माझा विषय. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो चिकटवलेला होता, अहमद झेवैल यांचा. इजिप्तमधल्या दमनहूर गावात जन्मलेल्या, अलेक्झांड्रियात शिकलेल्या आणि पुढं अमेरिकेत कॅलटेकमध्ये संशोधन करणाऱ्या या माणसाला त्या वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. 10 डिसेंबरला स्टॉकहोममध्ये पारितोषिक दिलं गेलं, आणि त्याच सुमारास रमजान सुरू झाला होता. आपल्यातला एक माणूस तिथवर पोचला म्हणून मी मित्रांना तो फोटो अभिमानानं दाखवायचो. आणि त्याच भिंतीखाली बहिणीचं नाव कापलं जात असताना मी गप्प बसलो. इतक्या लांबच्या माणसाचा अभिमान बाळगणं मला सोपं गेलं.

झेवैल यांचं काम काय होतं? रासायनिक बंध तुटतात आणि जुळतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण तुटताना कुणी पाहिलेले नव्हते, कारण ते फार लवकर घडतं. त्यांनी लेझर प्रकाशाचे अतिशय छोटे झोत वापरले. पहिला झोत रेणूत क्रिया सुरू करतो, दुसरा काही क्षणार्धांनी येऊन तिचं चित्र टिपतो. दोघांमधलं अंतर बदलत गेलं की क्रियेचे टप्पे एकामागून एक दिसू लागतात. हे अंतर फेम्टोसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख करा, आणि त्यातल्याही एकाचे हजार. तो एक फेम्टोसेकंद. प्रकाश रेणूला भिडल्यावर काय होतं, याचा अभ्यास म्हणजे प्रकाशरसायन.

हे प्रकाशरसायन माझ्या घरात प्रत्यक्ष आलं ते यंदाच्या थंडीत, आणि तेही भाचीच्या नडगीत. धावताना नडगी दुखते म्हणून ती लंगडत होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व फारच कमी. आमच्याकडं उन्हाला काय तोटा, असं बहीण म्हणाली. पण पोरीचा दिवस बघा. पहाटे अंधारात सराव, तोही पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि डोक्याला स्कार्फ बांधून. मग दिवसभर खोलीत अभ्यास. बाहेर पडली तर बुरख्यात. ऊन गावभर होतं, तिच्या कातडीपर्यंत पोचत नव्हतं.

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ठरावीक पट्ट्यातले, यूव्ही-बी म्हणतात ते किरण त्याच्यावर पडले की त्याच्या एका कड्यातला बंध तुटतो. हे तुटणं झेवैल यांच्या घड्याळानं मोजावं इतकं झटपट होतं. त्यापुढचं काम मात्र संथ. शरीराच्या उबेनं तो रेणू हळूहळू वळतो आणि ड जीवनसत्त्व बनतो, त्याला तास लागतात, दिवसही लागतात. जास्त वेळ उन्हात थांबलात तर जादा माल निरुपयोगी पदार्थांत बदलतो, म्हणून उन्हानं या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून काचेआडून ऊन घेऊन फायदा नाही. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि सूर्य खाली असताना हे किरण हवेतच गळून जातात, म्हणून पहाटेचं कोवळं ऊन छान वाटलं तरी या कामाचं नाही.

मग कोणतं ऊन कामाचं? एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं. हे मी सांगितलं आणि बहीण हसली. सावली मोजून जोहर आणि असरची वेळ ठरवणाऱ्या लोकांना हे नवीन नाही म्हणाली. तेव्हापासून दोघी मायलेकी अकराच्या सुमारास गच्चीवर बाह्या सारून वीसएक मिनिटं बसतात, गच्चीला भिंत आहे, कुणाची नजर पडत नाही. अर्थात एवढी मोठी तूट नुसत्या उन्हानं भरत नाही, डॉक्टरांचं औषधही चालू आहे. ज्या बायका घराबाहेर कायम झाकून असतात त्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी, एवढंच सांगतो. जुन्या घरांना अंगण होतं, ते गेलं आणि फ्लॅट आले. परदा तेव्हाही होता, पण ऊन घरात होतं.

तर त्या रात्रीचा प्रश्न. नडगी बरी झाली होती. आता रोजा.

मी तिला आधी आकडे सांगितले. सहरी साडेपाचच्या आत संपते. दुपारी चार म्हणजे साडेदहा तास पाण्याचा थेंब नाही. पण 800 मीटरला तिला तीन मिनिटं लागतात. तेवढ्या पळण्याला लागणारी साखर स्नायूंत साठवलेली असते, ती तासाभराच्या जोरदार मेहनतीला पुरेल एवढी असते. म्हणजे भुकेनं पाय थांबतील ही भीती खरी नाही. खरी अडचण पाण्याची, दुपारच्या उकाड्याची आणि झोपेची. रमजानमध्ये तरावीह आणि सहरीच्या मध्ये झोपेचे तुकडे होतात.

रोजेदार खेळाडूंवर ट्युनिशियात, कतारमध्ये आणि इतरत्र बरंच संशोधन झालं आहे. त्यातून एकच एक उत्तर निघत नाही. काहींत संध्याकाळकडे वेग आणि पुन्हा पुन्हा जोर लावण्याची ताकद घटलेली दिसते, काहींत फारसा फरक दिसत नाही. झोप, सराव आणि रात्रीचं जेवण सांभाळलं तर घट थोडकी राहते, एवढं म्हणता येतं. शिवाय यातले बहुतेक अभ्यास पुरुष खेळाडूंवरचे आहेत. म्हणजे माझ्या भाचीला डोळ्यांसमोर ठेवून कुणी मोजलेलं नाही. खेळाडूंनीही वेगवेगळे रस्ते धरले. हकीम ओलाजुवान 1995 च्या फेब्रुवारीत रोजे ठेवून अमेरिकेत बास्केटबॉल खेळला आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2012 चं लंडन ऑलिंपिक रमजानमध्येच आलं, तेव्हा मो फराहनं रोजे नंतरसाठी ठेवले आणि 5 हजार व 10 हजार मीटरची दोन्ही सुवर्णपदकं घेतली. दोघांपैकी कुणाचा ईमान कमी होता हे मोजायचं यंत्र माझ्या प्रयोगशाळेत नाही.

ती ऐकून घेत होती, पण तिला हे नको होतं हे दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "मला रोजा सोडायचा नाही आणि चाचणीही सोडायची नाही. दोन्हीतलं एक निवडा असंच सगळे सांगतात."

तेव्हा मला मंगळयान आठवलं. शाळेत ते मी दर वर्षी शिकवतो.

अंतराळयानाला वीज म्हणजे सहरी-इफ्तारीसारखाच हिशेब. ऊन असताना सौर पट्ट्यांवर वीज बनवायची, थोडी वापरायची, थोडी बॅटरीत भरायची आणि सावलीत शिरल्यावर साठवलेल्यावर निभवायचं. चांद्रयान-3 चं विक्रम 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरलं ते तिथल्या सकाळी, कारण चंद्राचा एक दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि तेवढ्यातच सगळं काम उरकायचं होतं. रात्र व्हायच्या आधी बॅटरी भरून यानाला झोपवलं. रात्रीच्या भयंकर थंडीनंतर ते उठलं नाही, पण ठरलेलं काम झालेलं होतं.

मंगळयानाची गोष्ट वेगळी. ते 2014 च्या सप्टेंबरात मंगळाभोवती पोचलं, सहा महिन्यांसाठी बनवलेलं होतं. मंगळाच्या सावलीतून जाताना पुरावी म्हणून त्याची बॅटरी साधारण 1 तास 40 मिनिटांच्या ग्रहणाच्या हिशेबानं केलेली होती. पुढं लांब ग्रहणांचा काळ येणार हे गणितानं आधीच कळलं. बॅटरी तर बदलता येत नाही. मग इस्रोच्या लोकांनी 2017 च्या जानेवारीत इंजिन चालवून कक्षाच बदलली आणि लांब सावली टाळली. त्यामुळं यान आणखी पाच वर्षं चाललं. इंधन सरत आल्यावर मात्र हा उपाय उरला नाही आणि 2022 च्या एप्रिलमध्ये एका लांब ग्रहणानंतर संपर्क तुटला.

"बॅटरी लहान पडते म्हणून त्यांनी मोहीम सोडली नाही," मी म्हणालो, "आणि बॅटरीला दोषही दिला नाही. त्यांनी वेळ आणि वाट बदलली. तुझी चाचणी चारलाच हवी असं कुणी ठरवलं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "विचारलं नाही मी." मी म्हणालो, "1999 मध्ये आम्हीही नव्हतं विचारलं."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच सरांना अर्ज दिला. माझी चाचणी सकाळी सातला घ्यावी, गुण तसेच लावावेत, सवलत नको. सरांनी वाचला आणि विचारलं, एवढंच होय? सकाळी मुलांची तुकडी असते, तिच्यानंतर पळ म्हणाले. आणखी दोन मुलींनी मग सकाळची वेळ मागितली. त्यातली एक मुसलमान नव्हती, तिला दुपारचा उकाडा सोसत नव्हता.

मंगळवारी सहरीला बहिणीनं दही, केळी, चपाती आणि दोन तांबे पाणी तिच्यापुढं ठेवलं आणि संपेपर्यंत उठली नाही. आम्ही तिघे पहिल्या एसटीनं गेलो. सातला ती धावली, रोजात. 2 मिनिटं 58 सेकंद. तिच्या नेहमीच्या उत्तम वेळेपेक्षा तीन सेकंद जास्त. यादीत अकरावी आली.

बहीण कुंपणाच्या जाळीला धरून उभी होती. चाळिशीची बाई, गुडघे दुखतात तिचे. मला म्हणाली, "दोनच चक्कर होते हैं ना? हमारे टाइम को भी दोनच थे." मग बराच वेळ मैदानाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "उस टाइम किसीने पूछाच नहीं भाई."

मी तेव्हाही त्या खोलीत होतो, हे तिनं म्हटलं नाही. तिला ते म्हणायची गरज नव्हती.

शिक्षकांना, संस्थाचालकांना आणि आपल्या घरातल्या मोठ्यांना माझं एकच सांगणं आहे. रमजान कधी येणार हे अनेक वर्षं आधी गणितानं कळतं, एखाद्या दिवसाचा काय तो फरक. मंगळाच्या सावलीचा हिशेब ठेवता येतो तर शाळेच्या वेळापत्रकाचाही ठेवता येईल. आणि पोरींनो, नाव काढून घ्यायच्या आधी एकदा वेळ विचारा.