दहा दिवे

उतारवयांत माणसाला एखादें खेळणें हवें असतें. कोणी पत्त्यांचा डाव मांडतो, कोणी गुलाबाच्या कुंड्यांची निगा राखतो. मी निवृत्त झाल्यावर तारा जोडूं लागलों. पुण्याच्या बुधवार पेठेंत तपकीर गल्ली म्हणून एक बोळ आहे. नांवावरून कांहींहि वाटो, आज तेथें इलेक्ट्रॉनिक सामानाचीं दुकानें आहेत. त्या गल्लींतून मी परततों तेव्हां पिशवींत चारदोन आयसी असतात आणि मनांत शाळकरी पोराचा आनंद असतो.

या वेळीं मात्र खेळण्यामागें कारण होतें. आई रोज सकाळीं मागच्या अंगणांतील तुळशीला सात प्रदक्षिणा घालते. अलीकडे तिची मोजदाद चुकूं लागली होती. कधीं पांचांवरच थांबे, कधीं नऊ होत. एकदां वृंदावनापाशीं उभी राहून ती कितीतरी वेळ बोटें मोजीत होती, मग माझ्याकडे वळून तिनें विचारलें, "मी विसरायला लागलें आहें का रे?" मी कांहींच बोललों नाहीं. गप्प बसलें म्हणजे त्याचा अर्थ 'नाहीं' असाच होतो, अशी मीं आपली सोयीची समजूत करून घेतली आणि तिच्यासाठीं प्रदक्षिणा मोजणारें यंत्र करायला बसलों.

यंत्र साधें होतें. ४०१७ क्रमांकाच्या आयसीला १६ पाय असतात. त्यांतील दहा पायांना शून्यापासून नऊपर्यंतचे दहा दिवे जोडावयाचे. १४ व्या पायावर विजेचा दाब शून्यावरून वर चढला, कीं पेटलेला दिवा विझतो आणि पुढचा पेटतो. सगळा कारभार 'होय' आणि 'नाहीं' यांचा. जॉर्ज बूल यानें तर्काचें बीजगणित १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. क्लॉड शॅनन यानें १९३७ सालच्या प्रबंधांत तेंच विजेच्या खटक्यांना लावून दाखविलें. मग मला काय अवघड होतें? बॅटरीचें धन टोक आणि तो १४ वा पाय यांच्यामध्यें मीं एक बटण बसविलें. दाबलें कीं 'होय', सोडलें कीं 'नाहीं'.

पण दिवे माझें ऐकेनात! एकदां दाबलें तर तीन घरें पुढें जात. कधीं बटणाला हातहि लावलेला नसे, तरी दहाहि दिवे भराभर लुकलुकत. हात जवळ नेला कीं धांवत, दूर केला कीं भलत्याच आंकड्यावर थबकत. मीं आयसी बदलली, बॅटरी नवी घातली, १३ आणि १५ हे पाय ऋण टोकाला नीट जोडले आहेत ना, हें तीनतीनदां पाहिलें. दोन संध्याकाळी अशा गेल्या.

तिसऱ्या संध्याकाळीं मीं जोडणीचें चित्र कोऱ्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून काढूं लागलों. १४ व्या पायापाशीं पेन्सिल थांबली. बटण दाबलेलें असतांना तो पाय धन टोकाला जोडलेला, पण सोडल्यावर? सोडल्यावर तो कशालाच जोडलेला नव्हता. त्याला मीं 'नाहीं' असें कधीं सांगितलेंच नव्हतें; केवळ 'होय' म्हणावयाचें थांबलों होतों. या जातीच्या आयसीचा पाय मोकळा राहिला, तर भिंतींतील तारांत सेकंदाला ५० वेळां हेलकावणारी वीज किंवा जवळ आलेला हात त्याला वाटेल तिकडे ओढूं शकतो, कारण त्याला हलवायला जवळजवळ प्रवाहच लागत नाहीं. सेकंदाला ५० पावलें टाकणाऱ्या दिव्यांचीं पावलें डोळ्यांना मोजतां येत नाहींत, म्हणून सारेच लुकलुकतांना दिसत. यंत्राचें कांहींच बिघडलें नव्हतें. त्याला उत्तर मिळालें नव्हतें, एवढेंच.

उपाय रुपयादोन रुपयांचा निघाला. १४ वा पाय आणि ऋण टोक यांच्यामध्यें १० हजार ओहमचा एक रेझिस्टर जोडला. बटण सुटलें कीं तो त्या पायाला निमूटपणें शून्यावर आणून ठेवूं लागला. एका दाबाला दोनतीन घरें जाणें तेवढें उरलें. बटणांतील पत्रा टेकतांना कांहीं सहस्रांश सेकंद थरथरतो आणि आयसी ती थरथरहि मोजते. रेझिस्टरला समांतर असा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविला, आणि तेंहि थांबलें.

त्या रात्रीं दिवे शहाण्यासारखे एकेक पाऊल टाकूं लागले, तरी मला झोंप येईना. दोन महिने मीं आईला असेंच मोकळें सोडलें होतें. "तुमची आठवण अजून किती तल्लख!" असें शेजारीण म्हणाली कीं तो दिवस तिला चांगला जाई, दुधाचा हिशेब चुकला कीं संध्याकाळपर्यंत ती देवघरांत गप्प बसून राही. आणि आम्ही घरांतले म्हणत होतों, आईचा स्वभाव हल्लीं लहरी झाला आहे!

सकाळीं मीं तें यंत्र वृंदावनाच्या कठड्यावर ठेवलें.

"आई, तूं त्या दिवशीं विचारलें होतेंस ना? होय, तूं थोडं थोडं विसरायला लागली आहेस. आपण डॉक्टरांना दाखवूं. आणि प्रदक्षिणा मोजायचं काम हें करील."

ती कांहीं वेळ तुळशीकडे पाहत राहिली.

"मग तेव्हांच सांगायचं नाहींस का? मी आपली रोज नव्यानं भीत होतें."

तिनें पदर खोचला आणि वृंदावनाला एक फेरी घालून बटण दाबलें. शून्याचा दिवा विझला, एकाचा पेटला, आणि ती पुढें चालूं लागली.