मृगयेचें दरपत्रक

मृगया हें व्यसन होय, असा निर्णय आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वींच देऊन ठेविला आहे. मनूनें कामापासून उत्पन्न होणारीं दहा व्यसनें सांगितलीं, त्यांत पहिलें नांव मृगयेचें आहे. कौटिल्यानेंही राजाच्या व्यसनांत तिची गणना केली. मात्र तिच्या योगें शरीरास व्यायाम घडतो, चालत्या लक्ष्यावर नेम बसतो, आणि भ्यालेल्या व रागावलेल्या पशूंच्या मनाची पारख होते, अशी तिची दुसरी बाजूही त्यानें मांडली. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आश्रमाच्या हरिणावर रोखलेला राजाचा बाण तपस्वी थांबवितात, तो प्रसंग आम्हीं वर्गांत कैक वर्षें शिकविला. तेथें सर्व कांहीं सोपें आहे. हरीण आश्रमाचें, तपस्वी निःस्पृह आणि राजा विनयशील. परंतु त्या अरण्याचा खर्च कोणीं चालवावा, हा प्रश्न तेथें कोणी काढीत नाहीं. तो प्रश्न आम्हांस उतारवयांत आफ्रिकेमध्यें भेटला.

आमचे जावई जोहान्सबर्ग येथें अभियंते आहेत. गतवर्षीं आम्ही उभयतां लेकीकडे गेलों असतां जावईबापूंच्या एका स्नेह्यानें लिंपोपो प्रांतांतील आपल्या खासगी रानांत आम्हां सर्वांस तीन रात्रींच्या मुक्कामाचें आमंत्रण दिलें. अशा मुक्कामास 'सफारी' म्हणतात. हा शब्द स्वाहिली भाषेंतला, पण मूळचा अरबी. आपली 'सफर' त्याच घराण्यांतली. स्वाहिलींत त्याचा अर्थ केवळ प्रवास. त्यास बंदुकीच्या दारूचा वास गोऱ्या शिकाऱ्यांमुळें लागला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं पूर्व आफ्रिकेंत शिकारीस गेले, तेव्हां त्यांच्या मागें शेंकडों हमाल ओझीं वाहात चालत होते. आणि त्यांच्या मंडळीनें संग्रहालयासाठीं लहानमोठे मिळून ११,००० हून अधिक नमुने गोळा केले.

आतां हमालांची रांग नाहीं. गवती छपराचीं प्रशस्त घरें आहेत, न्हाणीघरांत ऊन पाणी आहे, रात्रीं उघड्यावर मोठी शेकोटी पेटते. पहांटे कॉफी व कडक बिस्किटें घेऊन उघड्या मोटारींतून निघावयाचें. माग काढणारा मनुष्य पुढें बसून वाळूंतील पावलें वाचतो. भोजनगृहाच्या भिंतीवर कूडू हरिणाचीं पिळदार शिंगें टांगलेलीं होतीं. मागील अंगास कातडीं मिठांत मुरविण्याची खोली होती. मे ते ऑगस्ट हा तेथला हिंवाळा व शिकारीचा मोसम. त्यामुळें कॅमेरेवाले व बंदूकवाले असे दोन्ही प्रकारचे पाहुणे उतरले होते. आम्हांस मात्र यजमानांनीं वरणभात करवून मोठ्या आदरानें वाढला.

तेथें छापील दरपत्रक असतें. राहण्याचे व मार्गदर्शक शिकाऱ्याचे पैसे दिवसागणिक निराळे. जनावराची किंमत निराळी. इम्पाला हरीण चारशें डॉलर, कूडू कांहीं हजार, रानम्हैस दहा हजारांच्या वर. तळाशीं एक कलम होतें: जनावर जखमी होऊन निसटलें तरी तें मारलेलेंच समजलें जाईल. रक्ताचा थेंब पडला कीं पूर्ण किंमत द्यावी. त्या पत्रकांतील सर्वांत प्रामाणिक वाक्य आम्हांस हेंच वाटलें.

या व्यवहारालाही नियम आहेत. टांझानियांत सहा वर्षांखालील सिंह मारण्यास मनाई आहे. कळपाचा तरुण नर मेला, तर त्याच्या जागीं येणारा नवा नर पहिल्याचीं पिल्लें मारून टाकतो, हें त्याचें कारण. सिंहाचें वय नाकाच्या शेंड्यावरून ताडतात. वय वाढतें तसा तेथील काळेपणा वाढतो. म्हणजे पिल्लें मोठीं करून मोकळा झालेला वृद्ध नर मारण्यास अडचण नाहीं. निवृत्त मास्तरास हा नियम ऐकतांना हंसूं येतें, आणि नकळत हात नाकाकडे जातो.

तथापि हंसून विषय संपत नाहीं. केनियानें १९७७ सालीं शिकार बंद केली. तरीही त्या वर्षापासून २०१६ पर्यंत तेथील रानांतलीं मोठीं जनावरें सरासरीनें दोनतृतीयांश घटलीं. शेती, गुरें, कुंपणें व चोरटी शिकार यांनीं त्यांची जागा खाल्ली. बंदीमुळें तीं घटलीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु केवळ बंदीनें तीं वाचलीं नाहींत, हें खरें. नामिबियानें १९९६ च्या कायद्यानें गांवकऱ्यांस आपल्या भागांतील वन्य जनावरांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क दिला. शिकारीचा पैसा व मांस गांवास मिळूं लागलें. बोट्स्वानामध्यें सुमारें १,३०,००० हत्ती आहेत. तेथील सरकारनें २०१४ सालीं शिकार बंद केली, आणि शेतकऱ्यांची ओरड झाल्यावर २०१९ सालीं ती बंदी उठविली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. झिंबाब्वेंत २०१५ सालीं सेसिल नांवाचा सिंह बाणानें जखमी केला गेला व कित्येक तासांनंतर मारला गेला. संशोधकांनीं त्याच्या गळ्यांत बांधलेला पट्टाही त्यास वांचवूं शकला नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत कांहीं ठिकाणीं सिंह कुंपणांत जन्मास घालून कुंपणांतच मारावयास दिले गेले. यांत कौटिल्यानें सांगितलेला एकही गुण उरत नाहीं. शिवाय शिकारीचा पैसा सर्वत्र गांवापर्यंत पोहोंचतोच असेंही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं माग काढणाऱ्या गृहस्थानें आम्हांस विचारलें, "तुमच्या गांवीं हत्ती आहेत काय?" आमचें मूळ घर दोडामार्ग तालुक्यांतलें. गेलीं वीसएक वर्षें कर्नाटकांतून हत्ती येऊन आमच्या चुलतबंधूंच्या केळी व माड आडवे करीत आहेत, हें आम्हीं सांगितलें. तो म्हणाला, "मग तुम्हांस समजेल." त्याच्या गांवीं एका रात्रींत वर्षाचा मका गेला होता.

त्याच सायंकाळीं यजमानांनीं आमच्या पंधरा वर्षांच्या नातवास, पाहुणचार म्हणून, एक इम्पाला मारण्यास देऊं केलें. पोराचे डोळे चमकले. लेक आमच्याकडे वळून म्हणाली, "नाना, आतां तुम्हीच सांगा ह्याला." आम्हीं नको म्हणतांच नातवानें विचारलें, "आजोबा, आपण ज्या शेतांतला भात खातों, तेथें पूर्वीं रान नव्हतें का? तिथलीं जनावरें कोठें गेलीं?"

प्रश्न अवघड होता, आणि आम्हीं तो टाळला नाहीं. "गेलीं तीं आपल्याच पोटासाठीं," आम्हीं म्हणालों, "तें ऋण आपल्यावर आहे. पण भुकेसाठीं जीव घेणें निराळें आणि मौजेसाठीं निराळें. ज्याला मारण्याचा आनंद चाखावयाचा तो चारशें डॉलर देतो. मारूं नये असें म्हणणाऱ्यानें फुकट कां म्हणावें?" आणि तेवढे पैसे आम्हीं यजमानांपुढें ठेविले. तें आमचें सुमारें एका महिन्याचें निवृत्तिवेतन होतें. यजमान प्रथम घेईनात. मग रानाच्या पहारेकऱ्यांच्या खर्चासाठीं म्हणून त्यांनीं ते स्वीकारले, आणि प्रांजळपणें सांगितलें कीं, तेंच हरीण उद्यां दुसरा पाहुणा मारील. आम्हीं म्हटलें, मारूं द्या. निदान आमच्या नातवानें मारलें नाहीं, आणि त्याच्या आजोबांनीं उधारीवर उपदेश केला नाहीं. खोलीवर आल्यावर आमची सहधर्मचारिणी म्हणाली, "एका हरिणापायीं महिन्याचा वाणी राहिला." तो पुढें दोन हप्त्यांत भागला.

परदेशीं लेकीसुनांकडे जाणारे वृद्ध आतां घरोघर आहेत, आणि अशीं रानें पाहण्याचा योग पुष्कळांस येतो. त्यांस आमचें सांगणें इतकेंच. मृगया हें व्यसनच आहे. तिच्या नादास नातवंडांस लागूं देऊं नये. परंतु हत्तीच्या शेजारीं राहून मका पेरणाऱ्या मनुष्यास दुरून अहिंसा शिकवावयाची असेल, तर त्या रानाच्या खर्चाचा आपला वांटा आधीं मोजून द्यावा.