डबीतली हिरवी कॅप्सूल

अण्णांची गोळ्यांची डबी सात कप्प्यांची होती. झाकणांवरची अक्षरे पुसट झाली तेव्हा आईने कागदाच्या चिठ्ठ्या डकवून पुन्हा सोम, मंगळ लिहिले होते. रविवारी दुसरा चहा झाला की अण्णा वर्तमानपत्र पसरून बसत आणि आठवड्याचा भरणा करीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपीची, लघवीची अर्धी, झोपतानाची. आणि सर्वांत शेवटी हिरवी कॅप्सूल. कप्प्यात टाकण्यापूर्वी तेवढी एकच ते खिडकीच्या उजेडाकडे धरून बघत. आत तेल, तेलात एक बुडबुडा. कॅप्सूल कलती केली की तो गवंड्याच्या पाणसळीतल्यासारखा सरके. मे महिन्यात ती कप्प्याच्या तळाला चिकटे आणि अण्णा ती नखाने अलगद सोडवत.

ई जीवनसत्त्व, ४०० युनिट. दुकानात ती आजही मिळते, काही वेगळ्या आजारांत डॉक्टर ती लिहूनही देतात. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची रोजची सोबत हे तिचे मोठे काम संपून वीस वर्षे होत आली. कोणी शोकसभा घेतली नाही. म्हणून या चार ओळी.

तिचा जन्म १९२२ सालचा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलेचा. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप पांढऱ्या उंदरांना ठरावीक आहारावर ठेवून पाहत होते. माद्या धडधाकट दिसत, गाभण राहत, पण पोटातली पिल्ले जगत नसत. आहारात लेट्यूसची पाने घातली, पुढे गव्हाचा अंकुर घातला, आणि पिल्ले जन्मू लागली. १९३६ मध्ये इव्हान्स आणि एमर्सन दांपत्याने अंकुराच्या तेलातून ते द्रव्य वेगळे काढले. नाव सुचवले विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी. टोकोफेरॉल, म्हणजे बाळंतपण पार पाडणारे. सुईणीचे नाव मिळालेली ही बाई उतारवयात म्हाताऱ्यांच्या छातीची राखण करायला गेली, हे तिच्या कुंडलीत कुठे लिहिले होते कोण जाणे.

हृदयाशी तिची पहिली गाठ कॅनडात पडली. ऑन्टारिओतल्या लंडन गावी इव्हन आणि विल्फ्रिड शूट या डॉक्टर बंधूंनी १९४० च्या दशकात हृदयरोग्यांना ती भरपूर मात्रेत दिली आणि गुण येतो असे सांगितले. वैद्यकाला तेवढ्याने पटले नाही. शूट बंधू आपल्या मताशी आणि आपल्या रुग्णांशी निष्ठावंत राहिले.

गुण का यावा, याचे पटण्याजोगे कारण पुढे मिळाले. शेंगदाण्याचे कूट उघडे राहिले की खवट होते. तेलाला हवेतला ऑक्सिजन लागतो. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलही रक्तवाहिनीच्या भिंतीत असेच खवटते आणि तिथे थर धरायला लागते, अशी मांडणी डॅनिएल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केली. ई जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते, एलडीएलच्या कणात बसूनच शरीरभर फिरते आणि ऑक्सिजनचा घाव आधी स्वतःवर घेते. खाद्यतेल टिकवायला टोकोफेरॉल घालतात ते याच गुणासाठी. ही मांडणी आजही वाचली तर मान डोलते.

१९९३ च्या मे महिन्यात अमेरिकेत एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. एक ८७,२४५ परिचारिकांचा, दुसरा ३९,९१० पुरुषांचा. ई जीवनसत्त्व सर्वाधिक घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. एवढ्यावरून सगळ्यांना शिफारस करू नये, पुढच्या अभ्यासांची वाट पाहावी, असे अभ्यासकांनीच नोंदवले होते. पण आशेला इतका धीर कुठला? १९९६ मध्ये केंब्रिजच्या चाचणीने २,००२ हृदयरोग्यांत जिवावर न बेतणारे झटके ७७ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. मृत्यू मात्र घटले नव्हते, आणि ती ओळ आनंदाच्या गडबडीत मागे राहिली.

ते दिवस तिच्या वैभवाचे होते. क जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन या दोघी तिच्या जोडीला असत. औषधाच्या दुकानात अण्णा नाव घेत नसत. ‘ती हिरवी’ म्हटले की पट्टी समोर येई. पहाटे टेकडीवर फिरणारी मंडळी नव्या माणसाला विचारत, “तुम्हाला हिरवी चालू केली का?” झटक्यानंतरच्या त्या जगात ती जणू सभासदत्वाची खूण होती. बाकीच्या गोळ्या भीतीच्या होत्या, चुकली तर काय होईल या धाकाच्या. ही एकटी पोषणाची वाटे. अण्णा म्हणत, “हे औषध नव्हे, खाणं आहे.”

मग तिची परीक्षा झाली. केरळात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली ‘होप’ नावाची चाचणी १९ देशांत चालली. तिच्यात ९,५४१ माणसे होती. वय ५५ आणि त्यापुढचे, कोणाला हृदयरोग, कोणाला मधुमेह. निम्म्यांना रोज ४०० युनिटची कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत ई नसलेली. कोणाच्या हातात कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्याला नाही. सरासरी साडेचार वर्षे, म्हणजे सोळाशेहून अधिक दिवस. गुडघे दुखत असताना, नातवंडे सांभाळताना, जोडीदार गेल्यानंतरही ही माणसे कदाचित नुसतेच तेल असलेली कॅप्सूल पाण्याबरोबर घेत राहिली आणि तपासणीला येत राहिली. तिचे खरे सोयरे मी यांना मानतो. त्यांची नावे कुठल्या शोधनिबंधाच्या माथ्यावर नाहीत.

निकाल जानेवारी २००० मध्ये लागला. झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी ई घेणाऱ्यांत १६.२ टक्के जणांना झाले, न घेणाऱ्यांत १५.५ टक्के जणांना. फरक नाही म्हणावा इतकाच. गंमत अशी की त्याच माणसांवर, त्याच मांडवात, रॅमिप्रिल या बीपीच्या औषधाचीही परीक्षा चालली होती, आणि ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांच्या चाचणीत तेच घडले. पाच वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम क आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, शेजारी सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन. स्टॅटिन तरले. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांच्या रक्तातले ईचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते. म्हणजे ती कामचुकार नव्हती. नेमून दिलेल्या जागी ती रोज पोहोचली. हृदयाला मात्र त्याने काही फरक पडला नाही.

मग त्या परिचारिकांना फायदा दिसला तो कशाचा? स्वतःहून जीवनसत्त्वे घेणारा माणूस बहुधा चालतोही, बेताने जेवतो, सिगारेटपासून लांब राहतो. ते सगळे श्रेय तिच्या खात्यावर जमा झाले असावे. तिने ते मागितले नव्हते.

२००५ मध्ये ‘होप’चा पुढचा हिशेब आला. त्यात तिच्यामुळे हृदय थकण्याचे, म्हणजे हार्ट फेल्युअरचे, प्रमाण किंचित वाढलेले दिसले. तेव्हा ती उरल्यासुरल्या चिठ्ठ्यांवरूनही उतरू लागली. तिच्या पश्चात अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि बीपीच्या गोळ्या असा परिवार आहे.

अण्णांच्या डॉक्टरांनी तिच्या नावावर पेनाने एक आडवी रेघ मारली. अण्णांनी विचारले, “काही बिघडलं का?” डॉक्टर म्हणाले, “नाही हो. उपयोग होत नाही, एवढंच.” पुढचे काही रविवार डबी भरून झाली तरी अण्णा वर्तमानपत्र लगेच घडी करीत नसत.

पट्टीत सहा कॅप्सूल उरल्या होत्या. एका रात्री आईने बांगडीतली पिन काढली, एक कॅप्सूल टोचली आणि तेल टाचांच्या भेगांवर चोळून वर मोजे चढवले. अण्णा पलंगावरून बघत होते.

“गुण येतो का गं?”

“चार दिवस बघते, मग सांगते,” आई म्हणाली.