अंतराचा हिशेब

शाळेला शिक्षक किती द्यायचे, हे आपल्याकडे पटावरून ठरते. शिक्षकांची ही संख्या ठरवणारा संचमान्यतेचा तक्ता गोंदिया शहराला लागतो, तसाच सालेकसा-देवरीच्या जंगलकाठच्या टोल्यालाही लागतो. नियम सगळ्यांना एकच, म्हणून तो न्यायाचा, अशी समजूत आहे. शिक्षण-नियोजनाची अभ्यासक म्हणून मला ती मान्य नाही. वस्ती विरळ असणे हा मुलांचा दोष नव्हे. पण केवळ पट मोजला की त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने परिसरातली शाळा हा मुलाचा हक्क मानला. राज्याच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटर अशी मर्यादा घातली. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, हेही कायद्याच्या परिशिष्टातच आहे. म्हणजे कायदा आधी अंतर पाहतो, मग पट. कारभारात हा क्रम उलटा झाला आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्याने मागवले, तेव्हा नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्याजवळच्या पानशेतचे दाखले दिले गेले. गोंदियात असा प्रस्ताव तपासायचा तर तो जुलै-ऑगस्टमध्ये तपासावा. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात आणि लगेच धानाची रोवणी लागते. आईबाप सकाळीच बांधीत उतरलेले असतात, वाटेतला नाला भरून वाहत असतो. पहिलीतल्या पोराला शेजारच्या गावी पोचवणार कोण? शिवाय घरात गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी नवी असते. पहिली दोन वर्षे त्याची बोली समजून घेणारे गुरुजी जवळ असणे ही त्याची मूलभूत गरज आहे.

यावर आक्षेप असा की, आठ-दहा मुलांच्या शाळेत ना खेळायला गडी, ना वर्गात चुरस. एकच शिक्षक फळ्याचे चार भाग करून चार इयत्ता शिकवतो आणि तो बैठकीला गेला की शाळाच थांबते. हे खरे आहे. पण हा दोष एकशिक्षकी व्यवस्थेचा आहे, जवळच्या शाळेचा नव्हे. दर मुलामागे खर्च जास्त येतो, हा दुसरा आक्षेप. मात्र त्या हिशेबात गाडी, तिचा चालक, पावसाळ्यातले खाडे आणि गळती धरलेलीच नसते. खर्च वाचत नाही. तो सरकारी खात्यातून पालकाच्या माथी जातो.

म्हणून वयाप्रमाणे दोन वेगळे निकष हवेत. सहावीपुढची मुले मोठ्या शाळेत जावीत. तिथे विषयशिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळते. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्यांनी वाटही दाखवली आहे. पाचवीपर्यंत मात्र मुले हलवू नयेत, शिक्षक हलवावेत. केंद्रशाळेच्या आस्थापनेवर दोन-तीन फिरते शिक्षक ठेवले, तर इंग्रजी, कला, खेळ टोल्यापर्यंत पोचेल आणि रजेच्या दिवशी शाळा बंद राहणार नाही. संचमान्यतेत पटाच्या रकान्याशेजारी पुढच्या शाळेचे पावसाळ्यातले अंतर नोंदवण्याचा एक रकाना वाढवणे, ही त्याची पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे.